ज्यात पाणी, त्यात आच

हे पुस्तक रात्री साडेनऊच्या ओट्यासाठी लिहिलं आहे. सीएसएमटीहून निघालेली लोकल पनवेलला टेकायला सव्वा तासाहून थोडा जास्तच वेळ घेते. तिथून रिक्षाची रांग, मग नवीन पनवेल, खांदा कॉलनी नाहीतर खारघर-कामोठ्याचा जिना. दार उघडून आत आलेल्या माणसाला भूक लागलेली असते आणि फ्रिजमध्ये दुपारचा भात, वालाचं बिरडं, दोन तांदळाच्या भाकऱ्या, कधी कोळंबीचं कालवण असतं. एवढ्या रात्री गॅसवर तीन भांडी चढवायची, ढवळत उभं राहायचं आणि नंतर ती घासायची, हे कुणाच्या जिवावर येत नाही? म्हणून ओट्याच्या कोपऱ्यातला तो चौकोनी डबा. १९९८ साली हार्बर लाइन पनवेलपर्यंत आली आणि त्यानंतर या गावच्या घरांचं वेळापत्रक बदलत गेलं. जेवण शिजण्याची वेळ आणि जेवण्याची वेळ यांत सात-आठ तासांचं अंतर पडलं. ते अंतर भरून काढायला मायक्रोवेव्ह ओव्हन आमच्याकडे आला. केक आणि पिझ्झे नंतरचे.

मी इथल्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या बायका अडचणी घेऊन यायला लागल्या. भाकरी चामट का होते? डाळ कडेला उकळते आणि मधे गार का राहते? स्टीलचा डबा चुकून आत गेला, ठिणग्या उडाल्या, आता ओव्हन टाकून द्यायचा का? बाळाचं दूध त्यात तापवलं तर चालेल का? यातून कर्करोग होतो म्हणतात, ते खरं का? प्रश्न वेगवेगळे दिसत, पण उत्तर देताना मी दर वेळी एकाच ठिकाणी येऊन पोचत असे. बटणं सगळ्यांना ठाऊक होती. हे यंत्र नेमकं काय तापवतं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. सोबतचं माहितीपत्रक तर बहुतेक घरांत खोक्याबरोबर माळ्यावरच जातं.

मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो. या पुस्तकाचा पाया एवढाच. गॅसवर आधी ज्योत तापते, मग भांडं, मग भांड्याला टेकलेला पदार्थ, मग त्याच्या आतलं. मायक्रोवेव्हमध्ये भांडं मधे येतच नाही. आतल्या मॅग्नेट्रॉनमधून २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात, म्हणजे त्यांची दिशा सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा उलटसुलट होते. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. तो रेणू लहरीबरोबर वळायला बघतो, शेजारच्या रेणूंवर आपटतो, घासतो आणि त्या धडपडीची उष्णता होते. काच, चिनी माती, चांगल्या प्रतीचा कागद यांच्यात असे वळणारे रेणू जवळजवळ नसतात, म्हणून लहरी त्यांच्यातून पार निघून जातात. कप हाताला गरम लागतो तो आतल्या चहामुळे.

पनवेल-अलिबागच्या बाजूला वाढलेल्या माणसाला हे समजवायला मला पोपटीएवढं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात मडकं आणतात. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, अंडी, कुणाकडे मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून बसवलेला. मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा आणि पाचोळा रचून पेटवायचं. त्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या पाण्याची वाफ होते, कोंडली जाते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. झालं की नाही हे बघायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र करून लगेच उडाला की जाळ बाजूला ओढायचा.

ज्यानं पोपटी खाल्ली आहे, त्याला पदार्थ स्वतःच्या पाण्यात शिजतो म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. ताटावर झाकण का ठेवायचं, तेही त्याला पाल्यावरून कळतं. झाकण नसेल तर वाफ निघून जाते आणि बिरड्यावर कोरडी साय धरते. पण पोपटी आणि मायक्रोवेव्ह यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो जपायला हवा. मडक्यातलं अंडं बाहेरून, सावकाश, अर्धा तास तापत जातं. कवचाला बारीक छिद्रं असतात, आतला दाब त्यांतून हळूहळू निघतो. मायक्रोवेव्हमध्ये अंड्याच्या आतलं पाणी काही सेकंदांत वाफ होऊ बघतं आणि छिद्रांतून निघायला त्याला वेळच मिळत नाही. अंडं फुटतं, तेही कित्येकदा आत नाही, बाहेर काढल्यावर, तोंडासमोर. उकडून सोललेलं अंडंही फुटतं, कारण पिवळ्याभोवती पांढऱ्याची घट्ट पिशवी असतेच. म्हणून सबंध अंडं आत ठेवायचं नाही. उकडलेलं गरम करायचंच असेल तर चार तुकडे करून. रताळं, बटाटा, वांगं, टोमॅटो यांना काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचून घ्यायचं.

या यंत्राचा जन्मही रडारमधून झाला आणि त्या गोष्टीत एक फुटलेलं अंडं आहेच. १९४० साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी जोरदार लहरी देणारा मॅग्नेट्रॉन बनवला, तो युद्धात विमानं शोधायला कामी आला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत त्यावर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाई वितळली, मग त्यांनी मक्याचे दाणे फुलवून बघितले, अंडं ठेवलं आणि ते उडालं, असं सांगतात. १९४५च्या ऑक्टोबरात त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७मधला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोंच्या वर वजनाचा होता. ओट्यावर मावणारा १९६७ साली आला. त्याच्याही खूप आधी, १८९५च्या सुमाराला, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. भिंतीपलीकडे त्या लहरी पाठवून त्यांनी घंटा वाजवून दाखवली होती. आणि आज आपल्याच पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, ‘समीर’ या संस्थेचं केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या कामातून ही संस्था १९८४ साली उभी राहिली, तिचं मुख्य ठाणं पवईला आयआयटीच्या आवारात. कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणारी लिनॅक यंत्रं तिथे घडवली जातात आणि त्यांतही सूक्ष्मलहरींचंच बळ लागतं. ज्या लहरींना आपण बिचकतो, त्यांच्याशी रोज काम करणारी माणसं आपल्या शेजारी राहतात, हे मला मुलांना सांगायला फार आवडायचं.

बिचकण्याचं मूळ एका शब्दात आहे. ‘रेडिएशन’ म्हटलं की माणसाला अणुभट्टी आठवते. पण दिव्याचा उजेड हेही रेडिएशनच. मायक्रोवेव्हच्या लहरी रेडिओच्या कुळातल्या आहेत. त्यांच्या अंगी अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढायची ताकद नसते, त्या फक्त तापवतात. बटण बंद झालं की दिवा मालवल्यासारख्या संपतात, अन्नात मागे काही उरत नाही. दाराच्या काचेत जी बारीक छिद्रांची जाळी दिसते, तिची छिद्रं एक-दोन मिलिमीटरची आणि लहर बारा सेंटिमीटरची. उजेड त्या छिद्रांतून येतो, लहर येत नाही. दार उघडताक्षणी यंत्र बंद पाडणारे खटके आत असतात, एक बिघडला तर दुसरा काम करतो. दारापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉटपेक्षा जास्त गळती होता कामा नये, असा दंडक आहे. त्यामुळे भीती बाळगायची असेल तर ती दाराची बाळगा. दार वाकलं असेल, बिजागरी ढिली झाली असेल, कडेच्या पट्टीवर तुपाचा थर बसला असेल, तर ओव्हन वापरायचा थांबवा. मुलांना दारावर लोंबकळू देऊ नका. ओलं फडकं दाराच्या मुठीवर वाळत घालू नका.

मधेच दार खेचून उघडायची सवयही सोडावी. यावर एक खरी हकीकत आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीला बरीच वर्षं विचित्र संकेत मिळत होते. ते आकाशातले नव्हते, पण येतात कुठून ते कळेना. २०१५ साली उलगडा झाला. तिथले लोक वेळ संपायच्या आत ओव्हनचं दार उघडत होते आणि मॅग्नेट्रॉन विझता विझता क्षणभर लहर बाहेर निसटत होती. नारायणगावजवळ खोडदला आपली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ती बघून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट चटकन भिडली. त्या क्षणभराच्या निसटण्यानं माणसाला इजा होत नाही, पण खटक्यांची झीज होते. आधी थांबवायचं बटण, मग दार.

आता पाण्याकडे परत येते, कारण भाकरी चामट होण्याचं कारण तिथंच आहे. पाण्याला स्वतःचा लगाम असतो. शंभर अंशांना ते उकळतं आणि वाफ होऊन जातं, त्याच्या वर सहसा चढत नाही. खरपूसपणा यायला त्याच्या बऱ्याच वरची आच लागते, तव्यावर ती मिळते. म्हणून साध्या मायक्रोवेव्हमध्ये भाकरीला पापुद्रा येणार नाही, कोंबडीवड्यातला वडा मऊच पडणार, तळलेला बोंबील लिबलिबीत होणार. या गोष्टी तव्यालाच द्याव्या. भाकरी तापवायचीच तर ओलसर सुती फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद, आणि लगेच खायची. मिनिटभर ठेवली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि गार होताना ती कातड्यासारखी होते.

तेलाला, गुळाला, साखरेला मात्र शंभरावर असा लगाम नसतो. माझ्या नातवाला मी एकदा गणपतीतला उरलेला उकडीचा मोदक तापवून दिला. वरची पारी बोटाला कोमट लागली, म्हणून मी निर्धास्त होते. त्यानं दात लावला आणि आतलं गूळखोबऱ्याचं सारण जिभेला चिकटलं. दोन दिवस त्याला नीट जेवता आलं नाही. सारणातला पाक पारीपेक्षा कितीतरी जास्त तापला होता, आणि पाक भाजतो तो चिकटून भाजतो. विज्ञान शिकवणाऱ्या आजीला हे आधी सुचायला हवं होतं, याची मला अजून टोचणी आहे. मोदक, पुरणपोळी, करंजी, जॅमची बिस्किटं, काहीही सारणाचं असो, आधी मोडून, वाफ जाऊ देऊन, आतल्या बाजूला बोट लावून मगच मुलाच्या हातात द्या. तळणीचं तेल तर या यंत्रात तापवायचंच नाही.

बाळाच्या दुधाचंही असंच. बाटली बाहेरून कोमट आणि आत एका जागी कढत, असं होऊ शकतं. बाळाचं दूध गरम पाण्यात बाटली ठेवूनच कोमट करावं.

सपाटून फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नुसतं पाणी. स्वच्छ, गुळगुळीत कपात पाणी तापवलं तर कधी कधी ते उकळीच्या वर जाऊनही बुडबुडे काढत नाही, शांत दिसतं. मग त्यात चहाची पुडी किंवा चमचाभर कॉफी पडली की सगळं एकदम उसळून हातावर येतं. तापवताना कपात लाकडी चमचा ठेवला तर बुडबुड्यांना आधार मिळतो. बाहेर काढायच्या आधी अर्धा मिनिट थांबा.

डाळ मधे गार राहते याचं उत्तर थोडं लांबचं आहे, पण ज्यांना कुतूहल आहे त्यांनी घरी करून बघावं असं आहे. लहरी भिंतींवरून परततात, एकमेकींत मिसळतात आणि आत काही जागा कडक, काही मवाळ अशा ठरून जातात. दोन कडक जागांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर. फिरती ताटली काढून, उडदाचे पापड पाण्याचा हात लावून एका थरात पसरले आणि थोडाच वेळ यंत्र चालवलं, तर काही ठिकाणी पापड फुलतो, शेजारी कच्चा राहतो. त्या फुललेल्या ठिपक्यांमधलं अंतर दुप्पट करा, २४५ कोटींनी गुणा, प्रकाशाच्या वेगाच्या आसपासचा आकडा येतो. नववीच्या वर्गात हा प्रयोग झाला त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा कुणी ऐकली नाही.

ताटली फिरते ती या कडक-मवाळ जागा वाटून टाकायला. तरीही लहर पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच खोल जाते, पुढे उष्णता आपल्या चालीनं सरकते. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ ही समजूत चुकीची आहे. म्हणून उंच भांड्यात भात चेपून ठेवू नका. पसरट ताटलीत, कडेनं कड्यासारखा मांडा, मधे रिकामी जागा सोडा. अर्ध्या वेळेला ढवळा. आणि यंत्र थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं झाकून तसंच राहू द्या. या थांबण्यातच मधला गार भाग तापतो. आमच्या घाईत नेमकं हेच गळतं.

गोठवलेल्या पापलेटचं दुखणंही पाण्याचंच. बर्फातले रेणू जखडलेले असतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून बर्फ फार कमी तापतो. कडेला थोडं वितळलं की ते पाणी लहर ओढून घेतं आणि शेपटीकडे मासा शिजायला लागतो, पोटात मात्र खडा तसाच. ‘डिफ्रॉस्ट’ बटण यंत्राला थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद ठेवतं, ते उष्णतेला आत सरकायला सवड मिळावी म्हणून. उरण नाक्यावरून आणलेली मासळी गोठवायचीच असेल तर पातळ, सपाट थरात गोठवा, वितळवताना निम्मं काम वाचतं. असा वितळवलेला मासा लगेच शिजवा, पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. कोळंबीचं कालवण मध्यम शक्तीवर तापवा, पूर्ण शक्तीवर ती रबरासारखी होते.

शिळ्या भातावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. पनवेल हे तांदळाच्या पट्ट्यातलं गाव, इथे भात उरणारच आणि तो टाकून द्यावासा कुणाला वाटणार नाही. पण भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यातही टिकतात. भात दुपारभर ओट्यावर, पनवेलच्या दमट हवेत झाकून राहिला की ते वाढतात आणि त्यांच्यातले काही जे विष तयार करतात, ते उकळूनही जात नाही. म्हणजे मायक्रोवेव्ह तिथं काहीच सुधारू शकत नाही. भात तासाभरात, फार तर दोन तासांत, पसरट डब्यात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी संपवायचा. चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मधोमध वाफ येईपर्यंत एकदाच तापवायचा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधे ७४ अंश बघा.

भांड्यांचा प्रश्न आपल्याकडे मोठा, कारण आपलं स्वयंपाकघर स्टीलचं. धातू लहर परतवतो. आत ठेवलेल्या डाळीपर्यंत ती पोचत नाही आणि धातूच्या कडेला, टोकाला, भिंतीजवळ ठिणगी उडते. एकदा ठिणगी उडाली म्हणून ओव्हन टाकून द्यायला नको. लगेच बंद करा, भांडं काढा, आतला रंग जळला आहे का बघा. सोनेरी कडेचे कप, जरीसारख्या नक्षीच्या बश्या, पोळीची फॉइल, डब्याला गुंडाळलेली तार, ही सगळी धातूचीच मंडळी. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्या, पण त्या लहर शोषतात, तापतात आणि त्यांतलं मेलामाइन अन्नात उतरू शकतं. त्या यात घालायच्या नाहीत. हॉटेलातून आलेले पातळ प्लास्टिकचे डबेही नकोत. वर्तमानपत्र तर अजिबात नको. त्यात अन्न बांधायला २०१८च्या नियमांनी मनाई आहेच, शिवाय ते पेटतं. भांडं चालेल की नाही हे बघायचा साधा उपाय असा: रिकामं भांडं आणि शेजारी पाण्याचा काचेचा ग्लास एकत्र ठेवून मिनिटभर चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर चालेल. भांडंच तापलं तर ते ताटं मांडायलाच ठेवा. ही तपासणी धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर करायची नाही. पाण्याचा ग्लास विसरायचा नाही, कारण रिकामं यंत्र चालवलं की लहर शोषायला कुणी नसतं, ती परत मॅग्नेट्रॉनवर जाते आणि त्याला भाजते.

कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं. नव्यानं संसार मांडणारीला त्यानं केवढा आधार दिला, हे माझ्या पिढीला ठाऊक आहे. मायक्रोवेव्हला तसंच एक माप लागतं: वेळ आणि शक्ती. पण ‘दोन मिनिटं’ या शब्दांना तुमच्या ओव्हनची शक्ती ठाऊक असल्याशिवाय अर्थ नाही. ती घरी काढता येते. काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण शक्तीवर एक मिनिट चालवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले, त्याला सत्तरनं गुणा. दहा अंश वाढले तर सातशे वॉट. या पुस्तकातल्या सगळ्या वेळा सातशे वॉटसाठी दिल्या आहेत. तुमचा आठशेचा असेल तर वेळ आठव्या हिश्शानं कमी करा. खूप वर्षांच्या ओव्हनची शक्ती उतरलेली असते, तीही अशीच कळते. शेंगदाण्यांसारख्या कोरड्या जिनसांना तर हे माप फारच जपून लागतं. त्यांच्यात पाणी थोडं, तेल भरपूर. बाहेरून पांढरे दिसतात आणि आतून काळे होतात. एकेका मिनिटानं थांबून ढवळा आणि पाव भाग कच्चे असतानाच काढा, ताटात ते आपोआप पुढे भाजले जातात.

सातशे वॉट अन्नात पोचवायला यंत्र भिंतीतून हजार-बाराशे वॉट ओढतं. त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट आणि खरं अर्थिंग हवं, टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नये. मागे, बाजूला आणि वर हवा खेळायला जागा ठेवा. विणलेला रुमाल, प्लास्टिकचं आच्छादन, बिस्किटांचे डबे, हे सगळं त्याच्या डोक्यावरून काढा. आमच्या पावसाळ्यात आतली वाफ वाळत नाही, कोपऱ्यात रंग फुगतो, गंज धरतो आणि मग त्या गंजावरच ठिणगी उडते. काम झालं की पाच मिनिटं दार उघडं ठेवून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. आत कधी जाळ दिसलाच तर दार उघडू नका. बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, जाळ हवेविना विझू द्या.

आभार मानायचे ते पुष्कळांचे. पण एकाचे वेगळे मानते. जुन्या पनवेलात ओव्हन दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या टेबलाशी बसून मी निम्मं पुस्तक शिकले. आत उजव्या भिंतीवर जो तपकिरी चौकोनी पातळ तुकडा असतो, तो पुठ्ठा समजून लोक उपटून टाकतात, हे त्यांनीच मला दाखवलं. तो अभ्रकाचा पडदा असतो आणि मॅग्नेट्रॉनच्या वाटेवर तुपाचे शिंतोडे जाऊ नयेत म्हणून बसवलेला असतो. त्यावर काळा डाग पडला, तर डागापाशीच जळायला लागतं. नवा तुकडा अगदी थोड्या पैशांत येतो. मी त्यांना विचारलं, दुरुस्तीचं एक प्रकरण घालू का? ते काही बोलले नाहीत. सकाळपासून प्लग काढून ठेवलेला एक ओव्हन त्यांनी पुढे ओढला, पत्रा उघडला, एक हात पाठीमागे धरला आणि रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आतल्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर टेकवला. फटाक्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली. वीज तोडून तास उलटले होते आणि हजारो व्होल्टांचा साठा तसाच आत होता. मग म्हणाले, “बाई, स्क्रू कसा काढायचा ते लिहू नका.”

म्हणून या पुस्तकात ते प्रकरण नाही.

पनवेल
मकरसंक्रांत